फेस्टीची आई पबात आली तेव्हा

दार नीट लोटून घ्या रे, वारा आत येतोय. आणि तो टीव्ही बंद करा. सांगतो, पण मधेच कुणी फिदीफिदी हसायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो कोलमन फोलन माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. अजून जिवंत आहे, बॉस्टनच्या याच डॉर्चेस्टर भागात चार गल्ल्या सोडून राहतो. त्याला विचारायला जाल तर तो हवापाण्याचं बोलेल आणि तुम्हाला वाटेला लावेल. मला त्यानं हे एकदाच सांगितलं, माझ्या गाडीत बसून. काचा आतून पांढऱ्या झाल्या तरी आम्ही दोघं उतरलो नव्हतो.

२०१८ सालचा जानेवारी. चार तारीख, गुरुवार. तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. त्या दिवशी वादळ असं आलं की दुपारच्या भरतीला समुद्र बंदर ओलांडून रस्त्यावर आला. कचऱ्याचे डबे होड्यांसारखे तरंगत होते. वरून बर्फ. विमानतळ बंद, शाळा बंद, सगळं बॉस्टन दार लावून घरात बसलेलं.

कोलमन तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. केव्हनीच्या पबात बावीस वर्षं गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस. म्हातारा केव्हनी हिवाळाभर फ्लॉरिडात असायचा. दुपारी चारला त्याचा फोन आला, "कोलमन, तळघरात पाणी शिरलंय का तेवढं बघून ये. आणि नळ थोडे सोडून ठेव, गोठायला नकोत."

कोलमनची बायको पेग स्वयंपाकघरातून ओरडली, "तो तिकडे वाळूत पाय पसरून बसलाय, आणि तू निघालास त्याचे नळ राखायला! जा. घसरून पडलास तर मी यायची नाही उचलायला."

"तू आलीस तर तुलाच उचलायला दुसरं कोणी लागेल," कोलमन म्हणाला, आणि फावडं खांद्यावर टाकून निघाला.

पबासमोरचा बर्फ उपसायलाच त्याला तासभर लागला. तळघर कोरडं होतं, एका कोपऱ्यात वीतभर ओल तेवढी होती. त्यानं सगळे नळ बारीक सोडले, कोपऱ्यातला हीटर लावला आणि गल्ल्यावरचा एकच दिवा ठेवला. वारा दार सारखा आत ढकलत होता, म्हणून वरची पितळी कडी सरकवून दिली. पब बंदच होता. कुणी येणार नव्हतं.

सहाच्या सुमाराला फेस्टी मलकेरनचा फोन आला. "कोलमन, पबात आहेस का? येतो जरा. या छपरावरून उतरलो की निघतोच. साडेसहा-पावणेसात होतील."

"का रे? घरी जा ना. पोरगी एकटी असेल."

"खालची म्हातारी बघतेय तिच्याकडे. मी... येतो. घरी जायच्या आधी जरा बसायचंय." फेस्टीचा आवाज नेहमीचा नव्हता. कोलमनला वाटलं, थंडीनं तोंड आखडलं असेल.

हा फेस्टी तुमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. कोलमनच्याच आयरिश किनाऱ्यावरचा, कॉनेमारातला. तेविसाव्या वर्षी नव्वद दिवसांसाठी म्हणून आला आणि एकोणीस वर्षं राहिला. इथे राहायचे कागद नाहीत. छपरं शाकारायची, हिवाळ्यात लोकांच्या छपरांवरचा बर्फ उतरवायचा, पोलिसाची गाडी दिसली की मान खाली घालून चालायचं. त्याची बायको फिलोमेना केप व्हर्डे बेटांवरची, तीही बिनकागदाची. त्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका आजारी बाईच्या उशाशी अडकून पडली होती, कारण गाड्याच बंद. आठ वर्षांची पोर मात्र इथेच जन्मलेली, इथलीच. तिचं नाव फेस्टीनं आपल्या आईचं ठेवलं होतं, बारब्रा. लाडानं बेबिन म्हणायचे.

आईला फेस्टीनं पहिल्याच वर्षी फोनवर सांगून टाकलं होतं की कागद झाले, काळजी करू नकोस. तिला रात्री झोप लागावी म्हणून मारलेली थाप. नंतर ती परत घेता येईना. मग दर नाताळला "पुढच्या वर्षी येतो". हे फक्त कोलमनला माहीत होतं. एकदा फेस्टीनं त्याचा दंड घट्ट धरून सांगितलं होतं, "तिकडच्या कुणाजवळ बोलू नकोस. तुला तुझ्या आईची शपथ." कोलमननं मान हलवली होती.

भिंतीवरच्या घड्याळात सहा पस्तीस झाले होते, तेव्हा दारावर टकटक झाली. कोलमनला वाटलं, फेस्टीच. पण फेस्टी दार बुक्कीनं ठोकायचा. ही टकटक बोटाच्या पेरानं केलेली होती. तीनदा. शेजाऱ्याच्या घरी साखर मागायला गेल्यासारखी.

त्यानं कडी काढली. बाहेर एक म्हातारी उभी होती. काळा कोट, डोक्याला रुमाल, कोटावर दारू न पिण्याच्या शपथेचा तो छोटा बिल्ला. जुन्या बायका लावायच्या तसा. झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"आज बंद आहे बाई," कोलमन इंग्रजीत म्हणाला. "पण आत या आधी. मराल अशा हवेत."

ती उंबऱ्यावर थांबली. "देव या घरात असणाऱ्यांचं भलं करो," ती म्हणाली. आयरिशमध्ये. साधीसुधी आयरिश नव्हे, कोलमनच्या किनाऱ्याची. शब्दाचं शेपूट गिळायची त्याच्या आईची सवय, तीच. कोलमन मला म्हणाला, तीस-पस्तीस वर्षांत जुन्या बायकांची तशी आयरिश कानावर पडली नव्हती.

"तुमचंही भलं करो," तो त्याच भाषेत म्हणाला. वाऱ्यानं दार हातातून ओढलं, म्हणून त्यानं ते लावून कडी पुन्हा घातली आणि तिला हीटरजवळच्या खुर्चीत बसवलं.

"काय देऊ? लवंग घालून गरम व्हिस्की?"

तिनं बिल्ल्यावर बोट ठेवलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत दारूच्या दुकानात पाय ठेवला नाही. आता या वयात मला बाटवतोस? मी फेस्टीची आई. तो इथे येतो म्हणतात."

कोलमन उडालाच. "फेस्टीची आई? बारब्रा मलकेरन? अहो, आणि त्या गाढवानं कुणाला सांगितलं नाही!"

"त्याला ठाऊक नाही. तू कुणाचा?"

"मी कोलमन. मार्टिन पॅडी फोलनचा."

"मार्टिन पॅडीचा? मेंढा होडीतून नेताना बुडवला, तो?"

"मेंढा नाही बुडाला. बुडाली ती माझ्या बापाची टोपी. मेंढा पोहत काठाला आला, आणि बाप त्याच्या मागून."

म्हातारी हसली. आवाज आला नाही, नुसता चेहरा हसला. कोलमनही हसला. तो म्हणाला, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं, की बाकी काही मनात आलंच नाही. बाहेर अजून बर्फ पडत होता आणि तिच्या खांद्यावर एक कण नव्हता. हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरलं नाही. नंतर शिरलं.

"पण आलात कशा? विमानं तर बंद आहेत."

"पाण्यानं," ती म्हणाली.

कोलमनला वाटलं, बंदराकडच्या भरलेल्या रस्त्यातून चालत आली असावी. म्हणून तर झगा भिजलाय. "एकट्या? त्या पाण्यातून?"

ती पबाकडे बघत होती. भिंतीवरचे जुने फोटो, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, गल्ल्याचं झिजलेलं लाकूड. "तो बसतो कुठे?" तिनं विचारलं.

कोलमननं टोकाचं स्टूल दाखवलं. ती उठली, तिथे गेली आणि स्टुलाच्या बैठकीवरून तळहात फिरवला. नुकत्याच उठलेल्या माणसाची जागा गरम आहे का बघावं तसा. मग परत येऊन बसली.

"जेवतो का नीट?"

"घोड्यासारखा."

"आणि पितो?"

"शनिवारी एखादा ग्लास."

"मार्टिन पॅडीच्या पोरा."

"बरं, तीन."

"चर्चमध्ये मिसला जातो?"

"नाताळला जातो," कोलमन म्हणाला. "बायको नेते."

"बायको चांगली आहे?"

"त्याच्या लायकीपेक्षा चांगली."

म्हातारीनं मान हलवली. हात मांडीवर ठेवले होते. कोलमनचं लक्ष त्या हातांकडे गेलं. बोटं सुजलेली, पेरं वाकडी. सगळं आयुष्य शेवाळ गोळा करण्यात, लोकर कातण्यात आणि कोळंबीची जाळी शिवण्यात गेलेले हात.

"तुला एक विचारते. खरं सांगशील?"

"विचारा."

"एकोणीस नाताळ झाले. दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी. त्याचा बाप गेला, तेव्हा आला नाही. म्हटलं, कामात असेल. डेलियाचं लग्न झालं, पोरीनं भावासाठी पहिल्या बाकावर जागा राखून ठेवली, ती तशीच राहिली. लोक विचारतात. मी सांगते, मोठा माणूस झालाय, सवड नाही." ती थांबली. "पण दिवा मालवला की मनात येतं. पोराला आमची लाज वाटते का? की... विसरलाच?"

दंडावरची ती पकड कोलमनला आठवत होती. शपथ आठवत होती. ज्या आईची शपथ, तीही आठवत होती. ती सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये गेली. तेव्हा कोलमनजवळही कागद नव्हते. ते नंतर व्हिसाच्या लॉटरीत लागले. पत्र आलं ते नऊ दिवसांनी. ते नऊ दिवस तो रोज कामावर गेला होता, हसला होता, शनिवारी नाचलाही होता. त्याच्या आईलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. तीही बहुधा असंच काहीतरी मनात घेऊन गेली असेल...

हीटर आवाज करत होता. नळ ठिबकत होते.

"विसरला नाही बाई," कोलमन म्हणाला. "त्याला येता येत नाही."

तिनं मान वर केली.

"कागद नाहीत त्याच्याकडे. कधीच नव्हते. एकदा इथून बाहेर पडला, तर दहा वर्षं परत आत घेणार नाहीत. इथे बायको आहे, पोर आहे. कुणाला सोडायचं? बाप गेला त्या रात्री तो इथेच होता, त्या स्टुलावर. मी दिवे मालवले तरी उठला नाही. मीच घरी नेला त्याला. सकाळी चारला उठून विमानतळावर गेला, बाहेर उभा राहिला, आणि परत आला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला झोप लागावी म्हणून. आधी खोटं बोलला. मग खरं बोलायची लाज वाटली."

म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. घट्ट पिळलेलं कापड हळूहळू सैल पडत जावं, तसं काहीतरी झालं.

"म्हणजे विसरला नाही तर."

"नाही."

"विसरला नाही," ती पुन्हा म्हणाली. स्वतःलाच.

मग म्हणाली, "पोर कुठेय?"

"घरी आहे. बेबिन. तुमचंच नाव ठेवलंय."

"ठाऊक आहे. फोनवर नुसती श्वास घेते. बोलत नाही माझ्याशी. लाजते." तिनं रुमालाची गाठ सारखी केली. "घर कुठलं?"

आणि कोलमननं सांगितलं. अगदी सरळ. का नाही सांगणार? "या रस्त्यानं वर गेलात की दुसरी गल्ली. कोपऱ्यापासून तिसरं घर, करडं. तिसरा मजला. पण आत्ता नका निघू. फेस्टी येतोच आहे, दहा मिनिटांत. तोवर चहा टाकतो. काळा की दूध घालून?"

तो किटलीकडे वळला. पाणी भरलं, बटण दाबलं, कप काढला.

"दूध घालू ना?"

उत्तर नाही.

"बारब्रा?"

त्यानं मागे पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

त्याला वाटलं, बाथरूमकडे गेली असेल. तिकडे अंधार होता. हाक मारली. नाही. तळघराचं दार बंद. मागचं दार बर्फानं बाहेरून बुजलेलं. मग पुढचं दार... तो पुढच्या दाराजवळ गेला.

कडी लागलेली होती.

आतून.

तो तसाच उभा राहिला. किटली उकळायला लागली. उकळून बंद पडली. कोलमन म्हणाला, मी त्या कडीकडे बघत होतो. दुसरीकडे बघायची हिंमत होत नव्हती.

आणि दारावर बुक्की बसली.

तो ओरडलाच. बाहेरून फेस्टीचा आवाज, "कोलमन! उघड!"

कडी काढायला त्याला दोन हात लागले. फेस्टी आत आला. भुवयांवर बर्फ, हातमोजे ओले. दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "गेली."

"कोण?" कोलमननं विचारलं. पण त्याला कळलं होतं.

"आई. आठवडाभर पडून होती. मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर खरं झालं असतं. तीन दिवस डोळा उघडला नव्हता. आत्ता छपरावरून उतरलो आणि डेलियाचा फोन आला."

"किती वाजता गेली?"

"काय फरक पडतो?"

"किती वाजता, फेस्टी?"

"तिकडचे साडेअकरा."

इकडचे साडेसहा.

कोलमननं घड्याळाकडे पाहिलं. सातला पाच कमी होते. ती आली तेव्हा तिला जाऊन पाच मिनिटं झाली होती. आणि तिनं घर विचारलं... आणि त्यानं सांगितलं. गल्ली. रंग. मजला.

घरात आठ वर्षांची पोर एकटी.

"फेस्टी, घरी चल."

"थांब रे जरा. मला बसू दे."

"आत्ता चल."

फेस्टीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दोघं पळाले. पळाले कसले, गुडघाभर बर्फातून पाय उपसत गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दिव्याखाली बर्फ अगदी सपाट पसरलेला. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कोलमनला ते बघून बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलं नाही.

दुसरी गल्ली.

तिसरं घर.

बाहेरच्या पायऱ्यांवरही पाऊल नाही. जिना कोरडा. तळमजल्यावरच्या म्हातारीनं दार किलकिलं करून सांगितलं, "सहाला बघून आले. निजली होती. नंतर काही आवाज नाही." पहिला मजला. दुसरा. कोलमनला धाप लागली होती, छातीत दुखत होतं, तरी तो पुढे होता.

वरचं दार कुलूपबंद. फेस्टीची किल्ली भोकात जाईना. कोलमननं त्याचा हात धरला, तेव्हा कुठे गेली.

आत अंधार.

"बेबिन?"

काही नाही...

"बेबिन!"

आतल्या खोलीतून झोपाळू आवाज आला, "काय आहे, डॅडी?"

फेस्टी आत गेला. पोर अंथरुणात होती. घर गार होतं, म्हणून डोक्यावरून पांघरूण घेतलेलं, नुसतं तोंड बाहेर. गाल गरम, श्वास नीट. "मम्मी आली?" तिनं विचारलं. "उद्या येईल," फेस्टी म्हणाला. ती कुशीवर वळली आणि झोपली.

फेस्टी बाहेर आला आणि खोलीचं दार ओढून घेतलं. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यानं कोलमनची कॉलर धरली. "काय झालं होतं? आई गेलीय माझी आज, आणि तू मला कुत्र्यासारखा पळवलास. काय होतं? बोल!"

कोलमननं सांगितलं.

फेस्टीनं त्याला भिंतीवर ढकललं. "माझ्या आईच्या नावानं गोष्टी रचतोस? आज?"

"मेंढ्याचं बोलली," कोलमन म्हणाला. "माझ्या बापाच्या मेंढ्याचं. अमेरिकेत ते कुणाला ठाऊक नाही, फेस्टी. पेगलासुद्धा नाही."

फेस्टीचा हात सैल पडला. तो पायरीवर बसला. कोलमन त्याच्या शेजारी बसला. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी भांडी वाजत होती.

"काय म्हणाली?" फेस्टीनं विचारलं.

"तू जेवतोस का, म्हणाली."

"आणि?"

"तू तिला विसरलास का, ते विचारलं."

फेस्टीनं डोळे मिटले. "मग?"

"मी शपथ मोडली. खरं काय ते सांगून टाकलं."

"सगळं?"

"सगळं. विमानतळाचंसुद्धा."

कोलमनला वाटलं, आता हा आपलं तोंड बघणार नाही. पण फेस्टीनं अगदी लहान आवाजात विचारलं, "ऐकून काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणजे विसरला नाही तर. दोनदा म्हणाली."

मग फेस्टी रडला. सव्वासहा फुटी माणूस, गुडघ्यात डोकं घालून. कोलमननं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. एकोणीस वर्षांचं रडणं एका रात्रीत संपत नाही, पण त्या रात्री बरंच संपलं, असं कोलमन म्हणाला.

शुक्रवारी रात्री उशिरा गाड्या सुरू झाल्या आणि फिलोमेना घरी आली. शनिवारी तिकडे दुपारी बाराला आईच्या अंत्यविधीची मिस होती. म्हणजे इकडे सकाळचे सात. फेस्टीला घरात बसवेना, म्हणून कोलमननं पब उघडला. पाचच जणं. फेस्टी, फिलोमेना, बेबिन, कोलमन आणि पेग. बाहेर अजून अंधारच होता. फोन एका ग्लासाला टेकवून गल्ल्यावर ठेवला होता. तिकडे डेलियाच्या नवऱ्यानं फोन हातात उंच धरला होता, त्यामुळे चर्च हलत होतं, शवपेटी हलत होती, फादरचं डोकं मधेच कापलं जात होतं. पण आवाज नीट येत होता. जुनी आयरिश प्रार्थना सुरू झाली, तेव्हा फेस्टी उभा राहिला. मग सगळेच उभे राहिले. पेगनं कोलमनचा हात धरला. कोलमन म्हणाला, आमच्या लग्नानंतर तिनं चार लोकांत माझा हात धरला तो तेव्हाच.

मोठी माणसं उभी राहिलेली पाहून बेबिनला वाटलं, आपणही काहीतरी करायला हवं. तिनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

मिस संपली. पेटी बाहेर नेली, फोनवर नुसतं आभाळ दिसायला लागलं आणि मग तेही बंद झालं. फिलोमेना फेस्टीला टेकली आणि हळूच म्हणाली, "काल तू रडत होतास, म्हणून बोलले नाही. वेणी छान घातलीस तिची. कुठे शिकलास?"

"कुणाची वेणी?"

"बेबिनची."

फेस्टीनं पोरीकडे पाहिलं. कोलमननंही पाहिलं.

त्या पोरीचे केस आईच्या वळणाचे. दाट, कुरळे, कंगवा मोडावा असे. फिलोमेनाशिवाय कुणाला ती डोक्याला हात लावू द्यायची नाही. शेजारणीला नाही, बापाला तर नाहीच. फिलोमेना दर रविवारी तिच्या बारीक बारीक घट्ट वेण्या घालायची. आता त्या सगळ्या सोडलेल्या होत्या. मागे मधोमध भांग पाडून एकच जाड वेणी होती. चार पेडांची, चपटी, दोरखंड वळावा तशी सारखी. एक केस बाहेर नाही.

"मी नाही घातली," फेस्टी म्हणाला.

"मग कुणी?"

फेस्टी गुडघ्यावर बसला. "बेबिन, ही वेणी कुणी घातली?"

पोरीनं वेणी पुढे घेतली आणि मुठीत धरली. एकदा बापाकडे बघितलं. एकदा त्या टोकाच्या स्टुलाकडे. आणि लाजली. बोलली काहीच नाही.

फेस्टीनं तिची बोटं हळूच उघडली. वेणीच्या टोकाला वीतभर लोकर गुंडाळून गाठ मारलेली होती. करडी, न रंगवलेली, हातानं कातलेली. फिलोमेनाच्या घरात तसली लोकर नव्हती.